दोन खटक्यांच्या मधली फुरसत

पूर्वी लग्नाच्या मांडवात शिरल्यावर फोटोग्राफर आधी भटजींना गाठायचा आणि विचारायचा, "गुरुजी, मंगलाष्टकं किती म्हणणार?" हे का विचारायचं, ते आताच्या पोरांना समजावून सांगावं लागतं. १२० म्हणजे रुंद फिल्मचा रोल, त्यावर सहा बाय सहा सेंटिमीटरच्या चौकोनी फोटोच्या कॅमेऱ्यात फोटो बाराच बसतात. त्यातले दोन उरलेत आणि गुरुजींनी ‘तदेव लग्नं सुदिनं तदेव’ सुरू केलं, की संपलंच. क्षणात अंतरपाट बाजूला होणार, वाजंत्री दणकून सुरू होणार, अक्षता उडणार आणि हार पडणार. त्यात फ्लॅशगनचे सेल उतरलेले असले तर एका फ्लॅशनंतर दुसरा भरायला आठ-दहा सेकंद. म्हणजे अंतरपाटाचा फोटो एकच आणि प्रत्येक हाराचा एकेक, तोही मामा मधे आला नाही तर. म्हणून जाणता माणूस शेवटचं मंगलाष्टक लागायच्या आधीच उरलेल्या दोन फोटोंवर पाणी सोडून नवा रोल भरून घ्यायचा.

हे मी वाईतल्या एका लहानशा स्टुडिओत शिकलो. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. स्टुडिओच्या मालकांना सगळे अण्णा म्हणायचे, म्हणून मीही. शिकवणं म्हणजे समोर बसवून धडे देणं असलं काही नव्हतं. सुरुवातीला फक्त फ्लॅशची छत्री धरायची, रोल भरून द्यायचा, संपलेला रोल चिकटवून खिशात ठेवायचा. १२० च्या रोलला डबी नसते. कागदाच्या पाठीवर फिल्म गुंडाळलेली असते, आणि रोल संपला की टोकाची गोंद लावलेली पट्टी जिभेनं ओली करून घट्ट चिकटवायची. ढिली राहिली की कडेनं उजेड शिरतो. त्या गोंदाची चव अजून तोंडात आहे. रिकामं रीळ खालून काढून वर बसवायचं, नव्या रोलचा कागद त्याच्या खाचेत अडकवायचा, कागदावरचा बाण कॅमेऱ्यातल्या खुणेशी आला की पाठ बंद करायची. निवांत बसून हे काम एका मिनिटाचं आहे. गर्दीत, घामेजल्या बोटांनी, कुणाची तरी आत्या "अहो, आमचा एक काढा ना" म्हणत असताना ते किती मिनिटांचं होतं ते ज्यानं केलंय त्यालाच माहीत.

अण्णांचा कॅमेरा यशिका मॅट १२४ जी. दोन लेन्सचा. वरच्या लेन्सनं बघायचं आणि खालच्या लेन्सनं फोटो निघायचा. पोटाशी धरून मान खाली घालून काचेत बघायचं, आणि त्या काचेत डावं-उजवं उलट दिसतं. नवरी डावीकडे सरकली की काचेत ती उजवीकडे जाते, तिच्यामागं कॅमेरा फिरवायला गेलं की ती काचेतून पार बाहेर. हे अंगात मुरायला वेळ लागतो. पण या कॅमेऱ्याचा एक गुण लग्नाच्या धंद्याला फार उपयोगी होता. शटर लेन्समध्येच असल्यामुळं एक सेकंदापासून एक पंचशतांश सेकंदापर्यंत कुठल्याही वेगाला फ्लॅश चालायचा. भर दुपारी मांडवाच्या बाहेर, डोक्यावर ऊन आणि नवऱ्याच्या फेट्याखाली सगळा अंधार, अशा वेळी पेंटॅक्स के१००० वाल्याला एक साठांश सेकंदाहून जास्त वेगाचं शटर फ्लॅशशी जुळवून घेता यायचं नाही. आमचं निभायचं.

आता मागं वळून बघताना ही यशिका म्हणजे सगळं हातानं करायचा जमाना असं वाटतं. पण तसं ते नव्हतं. त्याआधी अण्णांकडे आग्फा क्लिक थ्री होता. बडोद्याची न्यू इंडिया इंडस्ट्रीज तो बनवायची, आणि कित्येक मराठी घरांतला पहिला कॅमेरा तोच. त्याच्या पाठीला लाल काचेची गोल खिडकी. रोल पुढं सरकवायचा तो त्या खिडकीत कागदावरचा पुढचा आकडा दिसेपर्यंत. सरकवायला विसरलं की एकावर एक दोन फोटो. कॅमेरा काही अडवत नसे. यशिका मॅटच्या बाजूला दांडी होती. ती अडेपर्यंत पुढं फिरवायची आणि परत मागं आणायची. एवढ्यात रोल बरोबर एक घर सरकतो आणि शटरही चढतं. एकावर एक फोटो यायची भीती गेली, खिडकीला डोळा लावायचं काम गेलं. १९३७ साली जर्मनीतल्या फ्रान्के आणि हायडेके कंपनीनं रोलायफ्लेक्स ऑटोमॅट काढला, त्याचं नावच मुळी ‘आपोआप’ असं होतं. पहिला फोटो कुठं सुरू होतो ते तो कॅमेरा फिल्मच्या जाडीवरून स्वतः ओळखायचा. त्या काळातल्या एखाद्या जुन्या माणसानं ‘आता पोरांना शिस्त राहणार नाही’ असं म्हटलं असेलच.

म्हणून कॅमेऱ्यातलं काहीही आपोआप झालं की फोटोग्राफर आळशी होतो, हे मी कधी मानलं नाही. फ्लॅशचंच घ्या. फ्लॅशगनवर एक गाईड नंबर असतो. तो अंतरानं भागला की ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक किती उघडायचं त्याचा आकडा, मिळतो. नव्वद फुटांचा गाईड नंबर, माणूस अकरा फुटांवर, म्हणजे ॲपर्चर आठ. तो दोन पावलं पुढं आला की पुन्हा भागाकार. मग सेन्सरचे फ्लॅश आले. समोरून परतणारा उजेड मोजून तेच स्वतःला बंद करायचे. त्या दिवसापासून मी भागाकार सोडला आणि मला त्याचं काडीचंही दुःख झालं नाही. आकडेमोडीनं माणूस शिस्तीचा होतो असं असतं तर गावातले सगळे तलाठी उत्तम फोटोग्राफर झाले असते.

उजेड मोजणाऱ्या मीटरचंही तेच. समोर काय आहे ते मीटरला कळत नाही, तो समोरच्या सगळ्याचा मध्यम करडा रंग करायला बघतो, अठरा टक्के उजेड परतवणारा. त्यामुळं पांढरं धोतर, पांढरी टोपी आणि मागं चुन्याची भिंत असली की मीटर म्हणतो उजेड फार आहे, आणि फोटो मळकट येतो. काळी चंद्रकळा नेसलेली आजी अंधाऱ्या माजघरात बसली की उलटं. हे एकदा कळलं की मीटर हातातला असो की कॅमेऱ्यातला, त्याला किती ऐकायचं ते आपण ठरवतो. त्यात शिस्त बिघडायला जागाच नाही.

बिघडते ती दुसरीकडे, आणि ते लक्षात यायला मला बरीच वर्षं लागली.

नव्वदच्या दशकात गिऱ्हाइकाला पस्तीस एमएम हवा झाला. रोल स्वस्त, कलर लॅब हाताशी, एका रोलमध्ये छत्तीस फोटो. ही फिल्म मुळात सिनेमाची. जर्मनीतल्या लाइट्झ कंपनीच्या ओस्कार बार्नाकनं ती स्थिर फोटोच्या छोट्या कॅमेऱ्यात घातली आणि १९२५ मध्ये लायका बाजारात आला. चौकट चोवीस बाय छत्तीस मिलिमीटरची. १२० च्या चौकोनाच्या मानानं तिचं क्षेत्र चौथ्या हिश्श्याला थोडं वर. त्यामुळं मोठी कॉपी काढली की फरक लगेच दिसायचा. सिल्कच्या पदराचा काठ १२० वर मोजता यायचा, पस्तीसवर तो नुसताच चमकायचा. पण पस्तीसनं जे दिलं ते कमी नव्हतं. निकॉन एफएम२ डोळ्याला लावून मी होमाच्या धुरात, कन्यादानाच्या पाटाशेजारी, गुडघ्यावर बसून काम करू लागलो. पोटाशी कॅमेरा धरून ते जमत नसे. आणि बापाचे डोळे भरून आलेत हे काचेत वाकून बघेपर्यंत त्यानं ते पुसलेले असायचे.

छत्तीसचा परिणाम मात्र मजेशीर होता. अल्बम तेवढाच राहिला, पानं तेवढीच. पण ‘सेफ्टीला एक’ हा शब्द आमच्या तोंडी बसला. एक फोटो झाला की लगेच दुसरा, तसाच, सेफ्टीला. डोळे मिटले असतील तर, फ्लॅश कमी पडला असेल तर. निगेटिव्ह धुऊन आल्या की एकाशेजारी एक जुळी भावंडं. त्यातला एक कापून अल्बमला लावायचा, दुसरा डब्यात. तरीसुद्धा एफएम२ला अंगठ्यानं ओढायची दांडी होती. फोटो झाला की ‘खर्रक’ करून ओढायची. अर्ध्या सेकंदाचं काम, पण त्या अर्ध्या सेकंदात हात गुंतलेला असायचा आणि नजर मोकळी.

ती दांडी गेली तेव्हा खरा बदल झाला. आमच्याकडे निकॉन एफ८० आला. सन २००० च्या सुमाराचा, आपोआप फोकस, आपोआप मीटर, आणि पोटात मोटर. सेकंदाला अडीच फोटो. आजच्या मानानं ही चाल बैलगाडीची आहे, पण छत्तीसचा रोल पंधरा सेकंदांत संपवायला पुरेशी. खटका दाबून धरला की तो आपला ओढत राहतो. पहिल्याच सीझनमध्ये मी बघितलं, मांडवात माझ्या आजूबाजूला काय चाललंय ते मला संध्याकाळी आठवत नाही. फोटो आहेत, पण तो दिवस नाही.

ऑटोफोकसवर सगळे तोंडसुख घेतात, मला त्याचा फार त्रास झाला नाही. तो कडक काळं-पांढरं शोधतो एवढं कळलं की पुरे. अंतरपाटावर कुंकवानं स्वस्तिक काढलेलं असतं. जरा तिरकं उभं राहिलं की कॅमेरा नवरीचा चेहरा सोडून त्या स्वस्तिकावर जाऊन बसायचा. कारण मागच्या सगळ्या गोंधळात सगळ्यात ठळक तेच. मग मी अंतरपाट धरण्याआधीच नवऱ्याच्या अंतरावर फोकस करून ऑटोफोकसचं बटण बंद करायला लागलो. म्हणजे यशिकावर जे करायचो तेच.

मोटरनं मात्र काहीतरी काढून घेतलं होतं. यशिकावर एक फोटो झाला की दांडी फिरवायला मान वर करावी लागायची. काचेतून नजर काढली की मांडव उघड्या डोळ्यांनी दिसायचा. करवली कुठं गेली, नवऱ्याचा आजोबा काठी टेकत कुणाकडे निघालाय, कोपऱ्यात कोण दोघं बोलत नाहीयेत. पुढचा फोटो त्या दोन सेकंदांत सापडायचा, काचेत नाही. ही फुरसत कुणी ठरवून ठेवलेली नव्हती, कॅमेऱ्याच्या बांधणीतली अडचण होती ती. अडचण दूर केली तशी फुरसतही गेली.

मग डिजिटल. २००४ मध्ये निकॉनचा डी७० आला आणि दोन-तीन वर्षांत तालुक्याच्या ठिकाणचेही बरेचसे लग्नवाले त्याच्या किंवा त्याच्या भावंडांच्या आश्रयाला गेले. रोलचा खर्च शून्य. फुरसत परत आली, पण वेगळ्या ठिकाणी. आता फोटो झाला की मान खाली जाते, मागच्या पडद्यावर. हात थांबतो, नजर थांबते, आणि ती दोन सेकंदं झालेला फोटो बघण्यात जातात. समोरचा आजोबा तोवर बसून गेलेला असतो. माझा भाचा माझ्याबरोबर काम करतो. त्याला मी पडद्यावर काळी पट्टी चिकटवून दिली होती. त्यानं ती दुपारपर्यंत ठेवली आणि जेवणाच्या पंगतीत गुपचूप काढली.

आता लग्नात दोन-तीन हजार फोटो सहज होतात. निवड करायला रात्री बसायचं. शंभरातले अठ्ठ्याण्णव टाकायचे, त्यासाठी दोन हजार बघायचे. भाचा म्हणतो, "मामा, तुम्ही आधी निवडता, आम्ही नंतर निवडतो. निवडावं तर दोघांनाही लागतंच." बोलणं चुकीचं नाही. फक्त आधीच्या निवडीत समोरचा माणूस जिवंत असतो, हलत असतो, आपल्याकडे बघतही असतो. नंतरच्या निवडीत फक्त त्याचे तुकडे.

आता तर खटक्याच्या आधीचे फोटोही मिळतात. निकॉन झेड९ च्या २०२२ मधल्या नव्या सॉफ्टवेअरनं ही सोय दिली. खटका अर्धा दाबून धरला की कॅमेरा आतल्या आत फोटो घेत राहतो, आणि पूर्ण दाबल्यावर त्याच्या आधीचेही काही क्षण ठेवून देतो. सोनीचा २०२३चा ए९ थ्री सेकंदाला एकशेवीस फोटो काढतो, त्यातही हे आहेच. अंतरपाट खाली यायला दोन सेकंद लागले तर दोनशे चाळीस फोटो. चित्ता किंवा खंड्या पक्षी टिपणाऱ्याला हे वरदान आहे, मी कशाला नाकारू? खंड्या पाण्यात बुडी मारतो तेव्हा माणसाचं बोट उशिराच पोचतं. पण लग्नात गुरुजी मोठ्यानं सांगून अंतरपाट काढतात. तिथं माझं बोट उशिरा पोचत असेल तर मी ऐकत नव्हतो, एवढाच त्याचा अर्थ.

रोलनं शिस्त लागते असंही सरसकट म्हणवत नाही. अमेरिकेतला रस्त्यावरचे फोटो काढणारा गॅरी विनोग्रँड १९८४ साली गेला तेव्हा त्याच्यामागं सुमारे अडीच हजार रोल न धुतलेले सापडले. धुतलेले पण कॉन्टॅक्ट प्रिंटही, म्हणजे निगेटिव्हच्याच आकाराचे छोटे फोटोही, न काढलेले आणखी हजारो. आयुष्यातला बहुतेक काळ तो हातानं रोल ओढायच्या लायकावर काम करत होता. अंगठा दुखेल म्हणून काही तो थांबला नाही. शिकागोची व्हिव्हियन मायर मुलं सांभाळायचं काम करायची आणि रोलायफ्लेक्स गळ्यात घालून हिंडायची. तिनं रस्त्यावरच्या एकेका प्रसंगाचा बऱ्याचदा एकच फोटो घेतला, पण पुढं पुढं तिचेही रोल न धुताच साठले. त्याउलट आपल्याकडच्या वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला. मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेल्या, पुढं दिल्लीत गेलेल्या. त्यांच्या हाती स्पीड ग्राफिक असायचा. एका होल्डरमध्ये फिल्मचे दोनच पत्रे, एका बाजूला एक. प्रत्येक फोटोनंतर झाकण सारायचं, होल्डर उलटायचा, जळालेला फ्लॅशचा बल्ब काढून नवा बसवायचा. पंतप्रधान विमानातून उतरून हात हलवतात तो क्षण असा पकडायचा. तिथं कॅमेरा शिस्त लावत नव्हता, कार्यक्रमाची आधीपासूनची माहिती लावत होती. पाहुणा कुठल्या दारानं येणार, कुठं थांबणार, हार कोण घालणार. आमच्या ‘गुरुजी, मंगलाष्टकं किती?’ याचंच ते मोठं भावंड.

काही वर्षांपूर्वी अण्णांच्या मुलानं दुकान आवरलं तेव्हा ती यशिका माझ्याकडे आली. शटर साफ करून घेतलं, वरच्या आरशावरची धूळ पुसली, आणि ठरवलं की बावधनच्या बगाडाला हिच्यावर काम करायचं. बावधन आमच्या वाईशेजारीच. रंगपंचमीला भैरवनाथाचं बगाड निघतं. होळीला कौल लावून बगाड्या, म्हणजे बगाडाच्या गाड्यावर उंच टांगला जाणारा माणूस, ठरतो. कृष्णेकाठच्या सोनेश्वरापासून गावापर्यंत, नांगरलेल्या शिवारातून, तो प्रचंड लाकडी गाडा बैलांच्या कित्येक जोड्या ओढत नेतात. वर उंच शिडाला, म्हणजे गाड्यावरच्या लांब लाकडाला, बगाड्या, खाली गुलालाचा धुरळा आणि ‘काशिनाथाचं चांगभलं!’ दरवर्षी तिथं शेकडो कॅमेरे असतात, माझा डिजिटलही असायचा. भाचा त्याचा कॅमेरा घेऊन होता.

मार्चचं ऊन. मीटर बघायची गरज नव्हती. १२५ एएसए वेगाची इलफर्ड एफपी४ फिल्म, कडक उन्हात ॲपर्चर सोळाला एक सव्वाशांश सेकंद, हा जुना हिशोब. बैल धावतात म्हणून एक अडीचशेअंश आणि ॲपर्चर अकरा. फोकस सोळा फुटांवर. साधारण बारा फुटांपासून पंचवीस-अठ्ठावीस फुटांपर्यंत सगळं खपतं. म्हणजे कॅमेऱ्यावर ठरवण्यासारखं काहीच उरलं नाही. ऑटोमॅटिक म्हणतात ते यापेक्षा वेगळं काय असतं?

उरलं फक्त कधी. गाडा काही सारखा चालत नाही. चाक ढेकळात रुततं, गाडा थांबतो, माणसं चाकाला खांदे लावतात, बैल बदलतात, आरडाओरडा होतो, आणि मग एकदम हाळी येते आणि सगळं पुढं झेपावतं. पहिल्या थांब्याला मी नुसता बघत राहिलो, कारण बारातला एक असा कुठंतरी टाकवत नव्हता. दुसऱ्या थांब्याला ध्यानात आलं की हाळीच्या आधी एक गोष्ट घडते. पुढच्या जोडीचा दोर ताणला जातो, आणि चाकाजवळची माणसं मागचा पाय उचलून ढेकळात रोवतात. तोंडानं अजून कुणी काही म्हटलेलं नसतं. पाय रोवले गेले की दोनएक सेकंदांत गाडा हलतो. त्यानंतर मी पायांकडे बघून खटका दाबायला लागलो.

गर्दी दाटली की पोटाशी धरलेल्या कॅमेऱ्यात समोरच्याची पाठ दिसते फक्त. त्यावर जुना उपाय आहे. कॅमेरा उलटा करून दोन्ही हातांनी डोक्यावर धरायचा आणि मान वर करून काचेत बघायचं. चित्र सरळच दिसतं, डावं-उजवं तेवढं नेहमीसारखं उलट. शेजारचा एक म्हातारा माझ्याकडे बघून म्हणाला, "पावनं, मशिन उलटं धरलंया." मी म्हटलं, असंच असतं. तो म्हणाला, "आसंल बाबा," आणि माझ्या खांद्याचा आधार घेऊन टाचा उंचावून बघायला लागला. त्याच्या भारानं कॅमेरा हलायचा, पण त्याला काढायचं कसं?

रोल बदलणं म्हणजे गुलालाशी झुंज. उपरण्याखाली कॅमेरा उघडायचा, फुंकर मारायची नाही, कारण फुंकरेनं गुलाल आणखी आत जातो. पट्टी जिभेनं ओली केली ती गुलालासकट. बदलत असताना गाडा उठला आणि त्या दिवसातला सगळ्यात मोठा झपाटा मी नुसत्या डोळ्यांनी पाहिला. हातात रोलचं शेपूट धरून. त्याबद्दल हळहळ वाटली, पण तो झपाटा अजून जसाच्या तसा सांगता येतो. कुठला बैल आधी वळला, कुणाचं पागोटं पडलं, ते उचलायला कोण वाकला आणि कोण त्याला ओढून बाजूला घेऊन गेला.

संध्याकाळी भाच्याच्या कॅमेऱ्यात बघितलं. तोच पाय रोवायचा क्षण त्याच्याकडे होता, माझ्यापेक्षा सरस. ढेकूळ हवेत उडालेलं, बैलाच्या तोंडाचा फेस लांबलेला, चाकाला लावलेल्या खांद्यावरची शीर ताणलेली. ते त्याला बर्स्टमधल्या, म्हणजे खटका दाबून धरून सलग काढलेल्या फोटोंतल्या, मधल्याच कुठल्यातरी फोटोत मिळालं होतं, आणि मोठं करून बघेपर्यंत आपल्याला ते मिळालंय हे त्याला माहीत नव्हतं. माझ्या फोटोत ढेकूळ नाही. माझ्यात, चौकोनी असल्यामुळं, चाकाच्या वर शीड आणि शिडाच्या टोकाला बगाड्याही आला आहे, आणि मागं शेताच्या बांधावर उभ्या बायका. त्याची चौकट आडवी होती, त्यात बगाड्या कापला गेला होता. उभी धरली असती तर बायका कापल्या गेल्या असत्या. चौकोनात हा प्रश्नच पडत नाही. कॅमेरा आडवा की उभा हे ठरवावं लागत नाही, आणि त्यामुळं आपोआपच जरा मागं सरून उभं राहायची सवय लागते.

रोल मी घरीच धुतले. आयडी-११ डेव्हलपर, एकास एक पाणी, वीस अंशाला अकरा मिनिटं. वाईत मार्चमध्ये नळाचं पाणी वीस अंशाला कधीच येत नाही, म्हणून बायकोच्या फ्रिजमधला बर्फ पिशवीत घालून पाण्याच्या बादलीत. दर मिनिटाला टाकी उलटीपालटी करायची. या अकरा मिनिटांत दुसरं काही करता येत नाही. एक रोल हजाराच्या घरात पडतो, केमिकल वेगळं. धंद्याला हे परवडायचं नाही, आणि परवडावं असा माझा आग्रहही नाही.

लग्नात मी आजही डिजिटलच वापरतो. मीटर, फ्लॅश, फोकस सगळं त्याचं त्याला करू देतो. मोटर मात्र बंद, म्हणजे एका दाबात एक फोटो. आणि पडदा उलटा मिटवून. यामुळं फोटो फार चांगले येतात असा दावा नाही. संध्याकाळी घरी येताना त्या लग्नातली माणसं आठवतात, एवढं खरं. भाच्यालाही सांगितलं, निदान ‘सावधान’पर्यंत तरी सिंगलवर ठेव, आणि मधल्या वेळात नुसता बघ. यंदा वैशाखात एका लग्नात त्यानं ऐकलं. ‘तदेव लग्नं’ला कॅमेरा खाली धरून तो चक्क गुरुजींच्या तोंडाकडे बघत होता. अंतरपाटाचा एकच फोटो घेतला, बरोबर वेळेवर. हार पडायची वेळ आली तशी त्याची बोटं पुन्हा डायलवर गेली आणि बर्स्ट लागला.

मी बघितलं. तो हसून म्हणाला, "मामा, हार चुकला तर नवरीची आई सोडायची नाही."